शाखा बंद झाली तरी डोक्यातली शाखा चालूच राहते: बँकेतल्या ताणाचं तुम्ही काय करता?

जोडकिल्ली

कामाच्या ताणावर इथे आयटीवाल्या मंडळींचे धागे पुष्कळ आहेत. गावाकडच्या बँकेच्या शाखेबद्दल फारसं कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळतो. बँकेचं नाव देत नाही. आमच्या शेजारच्या दोन बँकांमध्येही हेच चाललंय, त्यामुळे नावाने फरक पडणार नाही.

शाखेत मी, एक ज्युनियर अधिकारी, कॅशला एक जण, दुसऱ्या काउंटरला एक ताई आणि एक शिपाई. खाती हजारोंनी. जून-जुलैत पीक कर्ज. मेअखेरीला विम्याच्या नूतनीकरणाची झुंबड, जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये का कापले म्हणून विचारणारे लोक. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते, म्हणजे ३००० रुपये, एकदम जमा झाले तेव्हा आमच्या पायऱ्यांवर सकाळी आठपासून बायका बसलेल्या असायच्या. त्यातल्या कितीजणींचे पैसे आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं असल्यामुळे तिकडे गेले होते. हे काउंटरवरून समजावून सांगायचं, मागे दीडशे माणसं उभी असताना. पिशवीतून पासबुक काढणाऱ्या आजी, शेतात काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. चार वेळा अंगठा पुसून लावायचा. त्यांचा राग माझ्यावर नसतो हे मला कळतं, पण तो झेलायला समोर मीच असतो.

हे सगळं मी निभावतो. लोकांचं काम केल्याचं समाधानही मिळतं, ते खोटं नाही सांगत.

त्रास सुरू होतो संध्याकाळी. सात वाजता प्रादेशिक कार्यालयाची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. त्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर शाखांची यादी पडते, खालच्या दहा शाखा लाल रंगात. आज किती विमा, किती खाती, थकबाकीची वसुली किती. 'का झालं नाही' एवढंच विचारतात. 'माणसं किती आहेत' हे आजवर कोणी विचारलेलं नाही. घरी पोचेपर्यंत नऊ. जेवताना फोन वाजला की पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते आणि दोन वर्षांपूर्वी मंजूर केलेलं एखादं कर्ज आठवतं. ते थकलं तर चौकशीत माझी सही निघेल, ही भीती. मग उजाडेपर्यंत झोप नाही.

बायको म्हणते डॉक्टरकडे जा. मित्र म्हणतात प्राणायाम कर. प्राणायाम करतोय, सकाळी बरं वाटतं, पण सातची व्हीसी काही त्याने टळत नाही. तुमच्यापैकी अशा नोकरीत असणाऱ्यांनी नेमकं काय केलं, ते सविस्तर लिहा. 'सकारात्मक राहा' असं कृपया लिहू नका.

बापूकाका

मी बँकेतूनच निवृत्त झालो. आमच्या वेळी लेजर हाताने लिहायचो, बॅलन्सिंगला रात्रीचे अकरा वाजायचे. जुळेना तर नऊ पैशांसाठी सगळी शाखा बसायची. ताण तेव्हाही होता. फरक एवढाच, की सगळे मिळून बसायचे, मॅनेजरच वडे मागवायचा, आणि जुळलं की विषय संपायचा. तुमच्या दिवसाला 'जुळलं' असा क्षणच येत नाही, आज शंभर केले तर उद्या दीडशे. हे आमच्यापेक्षा अवघड आहे असं मी प्रामाणिकपणे मानतो. तुमच्या पिढीला नाजूक म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

एक अनुभवाचं सांगतो. वरून फोनवर आलेली कुठलीही सूचना फोनवरच राहू द्यायची नाही. 'अमुक प्रकरण बघून घ्या', 'आजच करा' असा फोन आला, की फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत दोन ओळींचा मेल: 'आपल्याशी दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार हे प्रकरण पुढील अटी पूर्ण झाल्यावर घेत आहे.' भाषा नम्र ठेवायची, कोणावर ठपका नको. दोन गोष्टी होतात. निम्म्या सूचना मेल गेल्यावर आपोआप थंड पडतात, आणि उरलेल्यांचा कागद तयार राहतो. रात्री तीनला जी सही आठवते, तिच्या शेजारी तो कागदही आठवला पाहिजे.

मनवा

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार क्षेत्रात काम करते. जोडकिल्ली, तुमच्या लिखाणातल्या तीन गोष्टींपाशी मी थांबले: पहाटे तीनची जाग, फोन वाजल्यावर पोटात येणारा गोळा, आणि काम निभावता येतं पण त्यावर कसलाही ताबा नाही ही भावना.

तिसरीपासून सुरुवात करते, कारण तिच्यावर खूप अभ्यास झालाय. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. कामाची मागणी किती, आणि ते काम कसं-केव्हा करायचं हे ठरवण्याची मुभा किती, या दोन्ही बाजू एकत्र बघायच्या. मागणी खूप आणि मुभा कमी, अशा नोकऱ्या माणसाला सर्वांत जास्त पिळतात. मागणी खूप पण मुभाही खूप असेल, तर तोच माणूस थकतो पण कोलमडत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत असं दिसलं, की हृदयविकाराचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणींत जास्त होतं. त्याचा काही भाग सिगारेट, रक्तदाब वगैरेंनी उलगडतो, सगळा नाही. पुढच्या अभ्यासात कामावरचा ताबा कमी असणं हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून पुढे आलं.

हे सांगण्यामागे हेतू आहे. 'मी कमी पडतोय' असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या खुर्चीची रचनाच तशी आहे हे आधी समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ नीट न हाताळला गेलेला ताण, असं त्याचं वर्णन आहे. त्यात तीन खुणा दिल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्यात पहिली दिसते. दुसरी अजून नाही, आजींबद्दल ज्या मायेने लिहिलंय त्यावरून.

मात्र पहाटेची जाग रोजची झाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ताणाच्या पलीकडे नैराश्य किंवा चिंताविकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. छातीवर दडपण येत असेल तर आधी साध्या फिजिशियनकडे जाऊन रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या, 'मनाचंच असेल' असं घरी बसून ठरवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत कोणाची गोष्ट आली असेल, तर हा धागा वाचत बसू नका, आत्ताच तो नंबर लावा आणि घरातल्या एका माणसाला उठवून सांगा.

काउंटर_नंबर_दोन

दादा, मी दुसऱ्या बँकेत, विदर्भात, तुमच्या शाखेतल्या त्या ताईंच्या जागेवर बसते. आमच्याकडे गर्दीचा ताण आम्ही कसा कमी केला ते लिहिते.

आम्ही दाराशीच एक टेबल टाकलं. तिथे शिपाई दादा आणि बँक मित्र (बँकेने गावात नेमलेला प्रतिनिधी) बसतात. त्या टेबलावर फक्त तीन कामं: आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघणं, फॉर्म भरून देणं आणि कोणत्या काउंटरला जायचं ते सांगणं. आमच्या काउंटरपर्यंत येणाऱ्यांतले अर्धे लोक फक्त 'पैसे आले का' एवढंच विचारायला यायचे, ते आता दारातूनच परत जातात. अंगठा लागत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारी दोन ते तीन ही वेळ ठेवली, गर्दी तेव्हा ओसरलेली असते. बाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. सुरुवातीचे काही दिवस भांडणं झाली, मग गावाला सवय झाली. आता लोकच एकमेकांना सांगतात, 'अगं तुझं दोनला आहे'.

मॅनेजर साहेबांनी यासाठी वर परवानगी मागितली नाही. शाखेच्या आतली मांडणी आहे, त्यात विचारायचं काय? मनवाताई म्हणतात ती मुभा, ती एवढीशी का होईना आमच्या हातात होती. शिवीगाळ कमी झाली आणि मला घरी गेल्यावर डोकं दुखायचं ते थांबलं.

दुसरं, जेवण. आमच्याकडे एकीने डबा खाताना दुसरी काउंटर बघते, अर्धा तास, रोज. आधी मी दिवसभर पाणीसुद्धा पीत नव्हते, कारण उठायला मिळायचं नाही. बायकांना यातून मूत्रमार्गाचे त्रास होतात, ते कोणी बोलत नाही म्हणून मी इथे बोलते.

सह्याद्री_ऑफलाइन

मी आयटीत, हिंजवडी. बँकेतलं माहीत नाही. पण सातची व्हीसी आणि नंतरचे मेसेज याबद्दल: कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी यासाठी लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं. कायदा नाही झाला. मी वैयक्तिक पातळीवर एवढंच केलं, की ऑफिसचे ग्रुप वेगळ्या सिमवर आणि तो फोन घरात दाराजवळच्या कपाटावर. खरंच निकड असेल तर माणूस फोन करतो, ग्रुपवर टाकत नाही.

रेणू_परभणी

सह्याद्री, तुमचा सल्ला शहरात ठीक आहे. आमच्याकडे शाखाधिकाऱ्याने आठ वाजता फोन घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागतात. माझे यजमान बँकेतच आहेत. दुसऱ्या सिमवर असलेला माणूस 'संपर्काबाहेर' धरला जातो.

मी बायकोच्या बाजूने लिहिते. हे घरी येतात, गाडी लावतात आणि तशीच गाडीत दहा मिनिटं बसून राहतात. पूर्वी मला राग यायचा, आत का येत नाहीत म्हणून. आता मी त्यांना तो वेळ देते, मुलांनाही सांगितलंय. आणि आठवड्यात एक संध्याकाळ आम्ही दोघं तळ्यापर्यंत चालत जातो, त्यात बँकेचा विषय काढला तरी चालतो, पण परतताना नाही. जोडकिल्ली, तुमच्या मिसेसना सगळं सांगा. न सांगितलेलं आम्हाला जास्त घाबरवतं. रात्री तीनला नवरा छताकडे बघत पडलेला असतो हे आम्हाला कळत नाही असं वाटतं का?

बापूकाका

रेणूताई, फार महत्त्वाचं लिहिलंत.

खाकीघर

आमचे बंधू मुंबई पोलिसात. बारा-बारा तास ड्युटी, वर बंदोबस्त. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा दत्ता पडसलगीकर आयुक्त होते. ती कल्पना वरून आलेली नव्हती. एका साध्या शिपायाने पाळ्यांचं गणित मांडून साहेबांपुढे नेलं होतं, 'आहे तेवढ्याच माणसांत बसतं' असं दाखवून. नंतर तो प्रयोग इतर ठाण्यांत गेला. बंदोबस्त आला की तास वाढतातच, ते खरं आहे. पण बंधू म्हणतो की घरी जाऊन मुलाची वही बघायला मिळायला लागली तेव्हा चिडचिड निम्म्यावर आली.

तुमच्या बँकेत खालच्या माणसाने असं गणित मांडून दिलं तर कोणी बघेल का? विचारतोय, कारण 'ताण आहे' असं म्हटलं की वरचे ऐकत नाहीत. 'या शाखेत इतके व्यवहार, इतकी माणसं, इतके तास' असं कागदावर दिलं तर उत्तर द्यावं लागतं.

विवेकी_वाट

मला कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना आपल्याला जेवढा त्रास देते त्यात आपण मनातल्या हट्टाने भर घालतो. 'टार्गेट पूर्ण व्हावं' ही इच्छा झाली. 'ते झालं नाही तर मी नालायक' हा हट्ट. यादीत लाल रंगात नाव आलं, ही घटना. 'दहा जणांत माझी नाचक्की झाली, आता तोंड दाखवायला जागा नाही', हे आपण त्याला जोडलेलं. मी हे रोज लिहून काढतो: काय घडलं, मी स्वतःला काय सांगितलं, त्याला पुरावा काय. वाचायला सोपं वाटतं, पण करायला महिने जातात. मला रात्रीच्या विचारांसाठी याचा उपयोग झाला.

जोडकिल्ली

इतके मनापासून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

विवेकी वाट, तुमचं पटलं, पण एक मनातलं सांगतो. सहीची भीती सगळी मी जोडलेली नाही. कर्ज थकल्यावर 'स्टाफ अकाउंटेबिलिटी', म्हणजे मंजूर करणाऱ्याची जबाबदारी ठरवणारी चौकशी, खरोखर निघते, पीक कर्जात पाऊस पडला नाही तरीही. त्यामुळे नुसता विचार बदलून मला पुरणार नाही. बापूकाकांचा मेल मला जास्त जवळचा वाटला. शेताची पाहणी केल्याचा अहवाल, फोटो, तारीख हे सगळं फाइलला नीट लावलेलं असलं की रात्री तीनला मनाला दाखवायला काहीतरी असतं. मग तुमची वही उपयोगी पडेल. दोन्ही लागेल.

ताई, दारातल्या टेबलाची कल्पना उद्याच करतो. बँक मित्राशी बोललो, तयार आहे.

आता रजेबद्दल विचारायचं आहे. माझ्याकडे शाखेची जोड-किल्ली आहे, तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, एक माझी आणि एक कॅशची. मी रजेवर जायचं तर किल्ली घ्यायला दुसरा अधिकारी हवा, आणि तो कोणी पाठवत नाही. पीएल, म्हणजे हक्काच्या रजा, पडून राहतात.

ऑडिटवाला

रजेवर लिहितो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०२१ चा आदेश आहे. संवेदनशील जागांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता. त्या काळात त्यांनी कामाशी संबंधित काही हाताळायचं नाही, अंतर्गत ई-मेल तेवढा चालतो. हेतू ताण कमी करण्याचा नाही, घोटाळे उघडकीस यावेत हा आहे. माणूस खुर्चीतून हलला की त्याने झाकलेलं वर येतं, असं त्यामागचं तत्त्व. कोणत्या जागा संवेदनशील, ते प्रत्येक बँकेचं संचालक मंडळ आपल्या धोरणात ठरवतं. तुमच्या बँकेचं धोरण अंतर्गत पोर्टलवर असेल, ते काढून बघा. शाखाधिकारी आणि कॅशचा ताबा असणारे त्या यादीत असतील, तर ही रजा तुम्ही मागायची वस्तूच राहत नाही, ती देणं बँकेवर बंधनकारक आहे. अंतर्गत लेखापरीक्षणात हा मुद्दा येतो. गेल्या वर्षी तुम्हाला पाठवलेलं नसेल तर प्रादेशिक कार्यालयाला एका ओळीचा मेल करा: 'अनिवार्य रजेची नोंद प्रलंबित आहे, किल्ली हस्तांतरणासाठी अधिकारी नियुक्त करावा.' त्यात तक्रार नाही, अनुपालन आहे. या शब्दाला वर फार मान असतो.

मी अनेक शाखा पाहिल्या. दहा दिवस सलग बाहेर राहून आलेला माणूस ओळखू येतो. पहिले तीन-चार दिवस तो फोन शोधत असतो, मग झोप लागायला लागते. दोन सीएल (किरकोळ रजा) जोडून घेतलेल्या शनिवार-रविवारने हे होत नाही.

मनवा

ऑडिटवाला, शेवटचा परिच्छेद अगदी बरोबर. एक भर घालते. रजेत काय करायचं याचं वेळापत्रक करू नका. उठायची वेळ तेवढी रोजचीच ठेवा आणि सकाळी उन्हात चाला. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळ्यांवर पेंग आली की परत या. अंथरुणात पडून कर्जाच्या फायली उलगडत बसायची सवय शरीराला लागते, ती अशी मोडते. दुपारनंतर चहा बंद. बँकेत तो दर तासाला येतो, मला माहीत आहे.

खाजगी मानसोपचाराचा खर्च आडवा येत असेल तर लक्षात असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच निकषांवर संरक्षण द्यावं लागतं. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो. ओपीडीचं तुमच्या बँकेच्या योजनेत काय आहे ते बघून घ्या.

काउंटर_नंबर_दोन

दादा, तुम्ही रजेवर गेलात की मागे कॅशवाल्यावर आणि त्या ताईवर भार येणार, हेही लक्षात घ्या. येणाऱ्या अधिकाऱ्याला दाराजवळच्या टेबलाचं आणि दोन ते तीनच्या वेळेचं लिहून द्या, नाहीतर तो पहिल्याच दिवशी टेबल उचलून ठेवेल. आमच्याकडे तसंच झालं होतं. आणि त्या ताईंच्या जेवणाच्या अर्ध्या तासाचं आधी ठरवून जा.

जोडकिल्ली

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ताई. आज दुपारी तिघांना बसवून बोललो. जेवणाच्या पाळ्या ठरल्या, उद्यापासून. कॅशवाले म्हणाले, 'साहेब, सातची व्हीसी तुम्ही एकटेच ऐकता, आम्हाला दुसऱ्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरून कळतं.' यापुढे आकडे सकाळी दहा मिनिटांत सगळ्यांसमोर सांगायचे असं ठरवलं.

धोरण पोर्टलवर सापडलं. शाखाधिकारी यादीत आहे. मेलचा मसुदा ऑडिटवाला यांनी दिलाय तसाच ठेवलाय, सोमवारी जाईल. खरीपाचं वाटप सरलं की तारखा द्याव्यात अशी विनंती त्यात घालू का, की अजिबात अट नको?

ऑडिटवाला

अट नको. तारीख त्यांनी ठरवायची, न सांगता, हाच नियम आहे. खरीपाचा उल्लेख केलात तर त्याचंच निमित्त करून पुढे ढकलतील. व्यवहारांची संख्या, कर्मचारी आणि तास यांचा तक्ता मात्र वेगळ्या मेलने पाठवा, खाकीघर म्हणतात तसा. दोन विषय एका पत्रात आले की उत्तर सोयीच्या विषयाचं मिळतं. आणि रक्तदाब, ईसीजी सोमवारची वाट न बघता उद्याच करून या.